जंतूचा शिक्का : हात धुवायला शिकवताना किती कामाचा?

मी बालवर्गाला शिकवते. तीन-चार वर्षांच्या मुलांना हात धुवायला पाठवणं सोपं, नीट चोळायला लावणं अवघड. बोटांची टोकं नळाखाली धरायची, साबणाला हात लावल्यासारखं करायचं आणि ओले हात कपड्यांना पुसत पळायचं, हा बहुतेकांचा खाक्या. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे चोळायचं कशासाठी हेच त्यांना कळत नाही. म्हणून हा शिक्का मागवला. बरेच महिने वर्गात वापरतेय.

शाई आतच भरलेली असते. दाबला की हातावर डोळे वटारलेला हिरवा जंतू उमटतो. नुसत्या पाण्याने तो फिका होतो, पण जात नाही. साबणाचा फेस काढून वीस-तीस सेकंद चोळलं की जातो. याच गोष्टीसाठी मी त्याला चांगले गुण देईन. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला, पण तो मळ सुटायला चोळावं लागतं, थोडा वेळ द्यावा लागतो. हे सांगून चिमुरड्यांना काय कळणार? पण जंतू पुसट होताना त्यांना दिसतो. "ताई, एक डोळा राहिलाय अजून!" असं म्हणत मूल आपणहून पुन्हा साबणाकडे वळतं, तेव्हा मला फार बरं वाटतं.

खोक्यावर लिहिलंय की शिक्का सकाळी उमटवा, संध्याकाळपर्यंत तो गेला पाहिजे. ते मला अजिबात पटलं नाही. शाई खेळतानाही घासून जाते, आणि सकाळच्या शिक्क्याचा संध्याकाळशी संबंध या वयात लागत नाही. शिवाय एकच शिक्का सगळ्यांच्या हातांवरून फिरतो. म्हणून मी तो जेवणाआधी उमटवते, शाई जरा वाळू देते आणि लगेच सगळ्यांना बेसिनकडे नेते. कुणाला खरचटलं असेल किंवा पुरळ असेल तर त्याला शिक्का नाही.

मोठी उणीव वेगळीच आहे. हाताच्या पाठीवर शिक्का मारला की मुलं तेवढीच जागा घासत बसतात. अंगठा, बोटांची बेचकी, नखांच्या कडा तशाच राहतात, आणि घाईत मोठ्यांच्याही नेमक्या याच जागा सुटतात. यावर उपाय म्हणजे शिक्क्याची जागा बदलत राहायची. अंगठ्याच्या मुळाशी उमटवला तर अंगठा दुसऱ्या मुठीत धरून पिळल्यासारखा फिरवावा लागतो. बेचक्यात अर्धाच उमटतो, तेवढा पुरतो. सगळ्यात उपयोगी जागा म्हणजे तळव्याचा मध्य. तिथे मारायचा आणि सांगायचं, हा जंतू फक्त दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकांनी काढायचा. तो निघेपर्यंत नखांखालीही फेस पोचलेला असतो.

"शिक्का गेला, जंतू गेले" हा खोक्यावरचा दावा मात्र मुलांना वाचून दाखवू नका. शाईवरून फक्त तेवढी जागा किती चोळली ते कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत हात ओले करण्यापासून कोरडे करण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद धरले आहेत. शिक्का गेल्यावर हात खळखळून धुणं आणि पुसून कोरडे करणं उरतंच, कारण ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज पसरतात.

सोबत 'जंतुनाशक' साबण घ्यायचा आग्रह असतो. त्याची गरज नाही. घरगुती वापरात असे साबण साध्या साबणापेक्षा सरस ठरतात हे उत्पादकांना दाखवता आलं नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अशा साबणांत ट्रायक्लोसान या जंतुनाशक रसायनासह १९ घटक वापरण्यावर बंदी घातली. आमच्याकडे साधी वडीच आहे.

नवलाई ओसरली की शिक्का रोज मारू नका, मधूनमधूनच वापरा. घरी एकाच मुलासाठी घेणार असाल तर टोपण घट्ट लावून ठेवा, नाहीतर शाई वाळते आणि जंतू अर्धाच उमटतो.