आकसलेल्या रिळांतली छोटी गाडी: टेबलावरचं यंत्र की लॅब?

घरात 8 मिमीची रिळं निघाली आणि त्यांत आता बंद झालेली एखादी गाडी आहे असं कळलं, की तीन रस्ते समोर येतात. भिंतीवर प्रोजेक्टर लावून मोबाइलने टिपायचं, टेबलावर मावणारं स्कॅनिंगचं यंत्र आणायचं, किंवा रिळं उचलून मुंबई-पुण्याच्या लॅबमध्ये द्यायची. गेल्या दोन वर्षांत मी तिन्ही करून पाहिलं. आमची रिळं चौदाच, तेव्हा माझ्या अनुभवाला तेवढंच वजन द्यावं. पण समुद्राकाठच्या घरात साठ वर्षं राहिलेली रिळं एका बाबतीत सारखीच वागत असावीत असं मला वाटतं, आणि त्या एका बाबतीसाठीच हे लिहायला बसलो.

आमचे थोरले काका जहाजावर होते. पहिला कॅमेरा त्यांनी एडनहून आणला, चावी देऊन चालणारा, साध्या 8 मिमीचा. दुसरा बऱ्याच वर्षांनी जपानहून, फुजीचा सिंगल-8. सुट्टीवर आले की ते घरच्यांना पंढरपूरला न्यायचे. रत्नागिरीत तेव्हा रेल्वे कुठली? कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998 साली. त्यामुळे एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून मीटरगेजने मिरज आणि मिरजेला गाडी बदलून पंढरपूरची छोटी गाडी. आमच्या घरातल्या मागच्या पिढीने आयुष्यात पहिल्यांदा रेल्वे पाहिली ती याच वाटेवर.

छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर 762 मिमी, म्हणजे अडीच फूट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केलेली ही लाइन 1897 साली बार्शीपासून सुरू झाली, पंढरपूरला आणि लातूरला गेली, 1927 मध्ये मिरजेला पोचली. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 2000 नंतर टप्प्याटप्प्याने ती ब्रॉडगेज झाली. कोल्हापूर-मिरज मीटरगेज त्याआधीच, 1971 मध्ये गेली. काका एकदा वास्कोला गेले तेव्हा कॅसलरॉकचा घाट उतरतानाही त्यांनी खिडकीतून कॅमेरा धरला होता. ती मीटरगेज 1990च्या दशकात संपली. गावांची नावं तीच आहेत, गाड्याही येतात-जातात, पण ती डबे हलवत, शेताच्या बांधाला खेटून जाणारी गाडी पाहायची तर आता रिळातच.

भिंतीचा पर्याय थोडक्यात संपवतो. प्रोजेक्टर चालू स्थितीत असेल आणि रीळ ठणठणीत असेल, तर एका संध्याकाळी काम होतं. लुकलुक मात्र त्रास देते. प्रोजेक्टरच्या झडपेला तीन पाती असतात; वेग सेकंदाला पावणेसतरा फ्रेमच्या जरा खाली आणला, की सेकंदाला 50 वेळा उजेड पडतो आणि 25 फ्रेमवर, 1/50 शटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात लुकलुक जवळजवळ नाहीशी होते. मोबाइल मुळात 30 फ्रेमवर असतो, तो 25 वर आणायला बऱ्याचदा वेगळं ॲप लागतं. एवढं जमवूनही मधला भाग उजळ आणि कोपरे काळोखे राहतात. आणि दिव्याची उष्णता व दातेरी चाकाची ओढ जुन्या फिल्मवर पडते ती पडतेच. मी एकच रीळ असं दाखवलं आणि थांबलो.

टेबलावरच्या यंत्राबद्दल मात्र मला चांगलं बोललंच पाहिजे. यंत्र एकेक फ्रेम पुढे ओढतं, खालून दिवा लावतं, वरून फोटो काढतं. सेकंदाला दोन फ्रेम. पन्नास फुटांच्या साध्या 8 मिमीच्या रिळात चार हजार फ्रेम असतात, म्हणजे एका रिळाला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून घरची कामं करता करता होतं. रिळं घराबाहेर जात नाहीत, ही तर फार मोठी गोष्ट. आमची आत्या लॅबचं नाव काढलं की अजूनही अस्वस्थ होते. माझ्या यंत्राची फाइल सेकंदाला 20 फ्रेमची बनायची. काकांनी चित्रण केलं होतं 16 वर, त्यामुळे छोटी गाडी सव्वापट वेगाने पळायची आणि फलाटावरची माणसं लगबगीने चालताना दिसायची. पण एडिटिंगच्या कुठल्याही मोफत प्रोग्रॅममध्ये वेग 80 टक्के केला की गाडी आपल्या चालीवर येते. त्यामुळे ही काही मोठी तक्रार म्हणता येणार नाही.

पहिल्यांदा मी सिंगल-8ची पाच रिळं घातली. पाचही सरळ गेली, एक झटका नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला.

मग काकांच्या जुन्या कॅमेऱ्याचं पहिलं रीळ लावलं. डबा उघडतानाच आंबूस वास आला होता, कैरीच्या लोणच्याची बरणी उघडावी तसा. ही फिल्म ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ॲसिटेटमधून ॲसेटिक आम्ल सुटायला लागतं, आणि सुटलेलं आम्लच पुढची झीज वाढवतं. रंगांना काही झालं नव्हतं. कोडाक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म अंधारात राहिली तर रंग फार टिकवते, आणि आजीच्या लुगड्याचा हिरवा रंग काल वाळत घातल्यासारखा होता. पण पट्टी आकसली होती. साध्या 8 मिमीत काठावरच्या एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत 3.81 मिमी असतात. एक टक्का आकसली तर फरक केसाएवढा. तेवढ्यानेही फिल्म ओढणारा यंत्राचा दात जिथे उतरतो तिथे भोक बरोबर नसतं. दात भोकाच्या कडेवर आपटतो, कधी फिल्म सरकते, कधी नाही. पडद्यावर चित्र वरखाली उड्या मारतं.

त्यात या रिळांची एक जन्मजात गोष्ट असते. साध्या 8 मिमीचं रीळ कॅमेऱ्यात पंचवीस फूट, रुंदीला दुप्पट. एक बाजू संपली की उलटून दुसरी बाजू चित्रित करायची, मग धुताना ते उभं चिरून दोन पट्ट्या एकमेकींना जोडायचे. म्हणून प्रत्येक पन्नास फुटांच्या रिळात बरोबर मध्ये एक जोड असतो, आणि जोडाच्या आजूबाजूला रीळ उलटताना उजेड लागल्याने केशरी धग. आमच्या रिळात त्या केशरी उजेडातून आजी हळूहळू दिसायला लागते. डब्याच्या दारात उभी आहे, एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात पितळी कडीचा डबा. ती वळून बघते.

मी मागच्या दारी गेलो होतो. दहा मिनिटांनी आत आलो तर यंत्र टक-टक वाजत होतं. जोड गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यापुढे थांबते त्या खिडकीत, अडकला होता आणि दात एकाच ठिकाणी आपटत होता. फाइलमध्ये आजीची तीच एक फ्रेम हजारभर वेळा. थांबवून फिल्म बाहेर काढली तर एका भोकाची कड फाटून चीर फ्रेमच्या कोपऱ्यात शिरली होती. पुढची तीन भोकं लांबट झाली होती. भिंगाखाली धरून मी किती वेळ बघत बसलो ते मला सांगता येणार नाही. साठ वर्षं पाऊस, बुरशी, उंदीर, सगळ्यातून जे सुखरूप आलं होतं, ते माझ्या टेबलावर फाटलं.

यंत्राचा दोष काढावा असं यात काही नाही. नवी, न आकसलेली फिल्म गृहीत धरून ते बनवलेलं आहे, आणि पाच रिळांना त्याने उत्तम वागवलं होतं. पुढे थोडं शोधल्यावर त्याचंही कारण कळलं. फुजीची सिंगल-8 पॉलिएस्टरवर असायची. पॉलिएस्टरला हा आंबण्याचा रोग होत नाही. आपल्याकडचं रीळ कोणत्या जातीचं, हे घरी ओळखता येतं: रीळ उजेडापुढे धरून बाजूने पाहायचं. गुंडाळीतून उजेड आरपार झिरपला तर बहुधा पॉलिएस्टर, काळपट राहिलं तर ॲसिटेट. मी हे यंत्र घ्यायच्या आधी करायला हवं होतं.

उरलेली नऊ रिळं मी मुंबईच्या एका लॅबमध्ये नेली. कुरियरने पाठवायची हिंमत झाली नाही. रात्रीच्या गाडीने, मांडीवर पिशवी ठेवून गेलो. तिथल्या स्कॅनरला दात नव्हते. फिल्म गुळगुळीत रोलरवरून सलग सरकत जाते, प्रत्येक फ्रेम खिडकीपुढे आली की दिव्याचा एक क्षणिक झोत पडतो आणि कॅमेरा टिपतो. भोक कुठे आहे ते यंत्र नुसतं बघतं, त्यात काही घुसवत नाही. आकसलेली असो, जोड असो, फाटलेलं भोक असो, ओढाताण नाही. आजीचं रीळ त्यांनी माझ्यासमोर लावलं. जोड रोलरवरून गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

आणखी एक गोष्ट मला लॅबमध्येच कळली. टेबलावरचं यंत्र आणि प्रोजेक्टर, दोघेही फ्रेमची कड थोडी कापतात. कॅमेऱ्याने टिपलेलं त्याहून थोडं जास्त असतं. लॅबने भोकासकट पूर्ण रुंदी दिली. माझ्या फाइलमध्ये एका स्टेशनच्या पाटीवर नुसतं ‘महांकाळ’ दिसायचं, तिथे ‘कवठेमहांकाळ’ पूर्ण वाचता आलं. गाड्यांच्या रिळांत महत्त्वाचं बरंचसं कडेलाच असतं: पाटी, इंजिनचा नंबर, मैलाचा दगड. शिवाय कोडॅकच्या फिल्मच्या काठावर चौकोन-वर्तुळ-त्रिकोणाच्या खुणा असतात, त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते लागतं. दर वीस वर्षांनी त्याच खुणा परत येतात, पण पन्नासच्या दशकातलं आणि सत्तरीतलं चित्रण घरच्या माणसाला तसंही वेगळं ओळखता येतं.

लॅबचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. दीड महिना थांबावं लागलं. पहिल्यांदा जी फाइल मिळाली ती त्यांनी आपणहून ‘साफ’ करून दिली होती: फिल्मवरचं चित्र ज्या बारीक दाण्यांचं बनतं ते पुसलेले, चित्र तुळतुळीत. इंजिनाचा धूर त्यात पांढऱ्या चुन्याच्या गोळ्यासारखा झाला होता, कारण धुराची सगळी नक्षी त्या दाण्यांतच असते. दुसऱ्यांदा सांगून मूळ स्कॅन मागवला. म्हणून रिळं देतानाच चिठ्ठीवर लिहून द्या: कसलीही सफाई नको, पूर्ण रुंदी हवी, वेग मूळचा, फाइल प्रोरेस (व्हिडिओ फार न दाबणारा फाइलचा प्रकार) किंवा त्याहून कमी दाबलेली. एका रिळाची फाइल चार जीबीच्या आसपास जाते, दोन हार्ड डिस्क घेऊनच जा. खर्चाचं म्हणाल तर नऊ रिळांचं बिल माझ्या यंत्राच्या किमतीच्या जवळपास आलं. पन्नास रिळं असतील तर हा हिशेब बदलेल, हे मान्य.

तेव्हा ज्याची रिळं पॉलिएस्टरची आहेत, किंवा ॲसिटेटची असूनही देशावरच्या कोरड्या हवेत राहिली आहेत, त्याने यंत्र घेतलं तर मी त्याला अडवणार नाही. माझ्याकडचं यंत्र मी दापोलीच्या एका स्नेह्याला दिलंय, त्यांची फिल्म जपानी आहे, छान चाललंय. पण डबा उघडल्यावर नाकाला जरा जरी आंबट वास आला, तर त्या रिळापुरतं तरी दात असलेलं कोणतंही यंत्र नको, असं मी म्हणेन. त्यातही सगळ्यात जास्त वास येणारं रीळ आधी न्या. ते थांबणार नाही. थंड, कोरड्या जागी झीज फक्त मंदावते, आणि कोकणात चार महिने कोरडी जागा मिळणं किती कठीण ते सांगायला नको.

तोवर घरी काय करायचं तर, वास येणारी रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, त्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात. घट्ट बंद होणाऱ्या पत्र्याच्या डब्यातून काढून हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यात घाला. डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. बुरशी दिसली तरी पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी लागलेला थर पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतो. माळ्यावरून खाली, चिऱ्याच्या आतल्या खोलीत आणलीत तरी खूप फरक पडतो.

भिंतीवर दाखवण्याची हौस मात्र मी वेगळ्या तऱ्हेने भागवली. लॅबच्या फाइली गणपतीत ओटीवर टीव्ही ठेवून लावल्या आणि शेजारी मोबाइल नुसता आवाज टिपायला ठेवला. आत्या आता शहाऐंशीची आहे. मूक चित्रावर ती बोलत गेली: हा कोण, ती कुणाची सून, सांगोल्याला गाडी किती वेळ थांबायची. चाळीस मिनिटांचा आवाज मिळाला आणि सहा माणसांची नावं लागली, जी मला कुठेच लिहिलेली सापडली नव्हती. आजी केशरी उजेडातून वळून बघते तिथे आत्या म्हणाली, “आईच्या डब्यात शिरवाळे होते. ढालगावला खाल्ले आम्ही.” ती ओळ आता त्या फाइलच्या नावातच लिहून ठेवली आहे.