‘झोपलंय, उठेल’: सावलीतल्या झाडांच्या नावाखाली झालेली फसवणूक

ऑनलाइन झाडं विकणाऱ्यांत काही जण असे आहेत, की ते मेलेला गड्डा विकतात आणि तो मेलेला आहे हे तुम्हाला कळेपर्यंत तक्रारीची मुदत उलटून जाईल याची व्यवस्थित तजवीज करतात. बहुवर्षायू झाडांच्या बाबतीत हे त्यांना फार सोपं जातं. ही झाडं खरोखरच वर्षातले काही महिने पानं टाकून जमिनीखाली पडून राहतात. त्यामुळे ‘झोपलंय, उठेल’ हे उत्तर खरंही असू शकतं आणि धादांत खोटंही. कुंडीत डोकावून दोन्हींतला फरक कळत नाही. माझी फसवणूक याच फटीतून झाली. सावलीतल्या जागेसाठी झाडं शोधणारे पुष्कळ जण याच जाहिरातींपर्यंत पोहोचतात, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला मोठं जुनं झाड. पट्ट्यात सकाळी थोडा वेळ कोवळं ऊन येतं, झाडाखाली तेवढंही नाही. तिथे गवत धरत नाही. हंगामी फुलझाडं लावली की ती उजेडाकडे मान लांब करतात आणि लोळतात. एकदा लावलं की वर्षानुवर्षं आपलं आपण येत राहील असं काहीतरी तिथे हवं होतं. अशा जागेसाठी उत्तम झाडं आहेत, हेही खरं. म्हणून तर जाहिरात पटली.

संच होता ‘गर्द सावलीसाठी न मरणाऱ्या झाडांचा’. त्यात निळा होस्टा (रुंद, शोभिवंत पानांचं सावलीतलं झाड), एक ‘दुर्मिळ ठिपकेदार’ होस्टा, जांभळ्या तुऱ्यांचा लिरिओपे, अ‍ॅस्पिडिस्ट्रा, हेलेबोर आणि वर भेट म्हणून बियांची पाकिटं. फोटो अप्रतिम होते. लेबलवर ‘झोन ३ ते ८, अतिशय काटक’ असं लिहिलेलं. त्या आकड्यांनी मोठा भरवसा वाटतो, म्हणून त्यांचा अर्थ आधी सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याने हे झोन, म्हणजे थंडीचे विभाग, पहिल्यांदा १९६० मध्ये नकाशावर मांडले, आताची आवृत्ती २०२३ ची आहे. वर्षातलं सर्वांत कमी तापमान सरासरीने किती खाली जातं, एवढ्यावरच ते आखलेले आहेत. एका विभागात १० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअसचा फरक असतो. हे झाड किती थंडी सोसेल, एवढंच तो आकडा सांगतो. उन्हाळा, दमट हवा, कोरडी माती, सावली यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. ‘काटक’ म्हणून छापलेलं झाड बर्फाखाली जगेल आणि कोरड्या सावलीत एका उन्हाळ्यात संपेल.

सावलीच्या बाबतीत हा ओल्या-कोरड्याचा भेद सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि प्रामाणिक रोपवाटिकावाला तोच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. भिंतीच्या सावलीत माती ओल धरून ठेवते. मोठ्या झाडाखाली मात्र वरच्या थरातलं पाणी त्याची मुळं ओढून घेतात आणि हलका पाऊस पानांवरच अडतो. अ‍ॅस्टिल्बेला सतत ओल लागते, झाडाखाली त्याची पानं कडेने करपतात. एपिमेडियम, अ‍ॅस्पिडिस्ट्रा आणि जेरेनियम मॅक्रोऱ्हायझम एकदा मुळं धरली की कोरडी सावलीही सोसतात. ऊन किती तास मिळतं हेही विचारायला हवं: थेट ऊन ३ तासांपेक्षा कमी असेल तर ती पूर्ण सावली, ३ ते ६ तास असेल तर अर्धसावली. माझ्या विक्रेत्याने यातलं काहीही विचारलं नाही. जागेचा फोटो मी आपणहून पाठवला, त्यावर ‘ताई, अगदी परफेक्ट जागा आहे’ एवढंच उत्तर आलं.

पार्सल आलं ते थंडीत. प्लास्टिकच्या पिशव्यांत दमट भुसा आणि त्यात मुळांचे गड्डे. ठिपकेदार होस्टा तेवढा छोट्या कुंडीत, दोन पानांसकट. लेबलं होती, पण त्यांवर फक्त विक्रीची नावं. शास्त्रीय नाव किंवा वाण कुठेच नाही. लावणी केली, पाचोळ्याचं आच्छादन दिलं. थंडी सरली, शेजारच्या बागेतल्या होस्टाचे टोकदार कोंब जमिनीतून वर आले, आमचा वाफा मात्र तसाच. विचारलं तर उत्तर तयार होतं: ‘पहिल्या वर्षी ही झाडं मुळं धरतात, ताई. दुसऱ्या वर्षी पानं आणि तिसऱ्या वर्षी खरी शोभा. उकरू नका, मुळं दुखावतील.’

यातलं शेवटचं वाक्य नीट वाचा. पहिली दोन बहुवर्षायू झाडांबद्दल बऱ्याच अंशी खरी आहेत, म्हणूनच ती पटतात. पण पहिल्या वर्षी वाढ कमी होणं वेगळं आणि कोंबच न येणं वेगळं. आणि ‘उकरू नका’ हे सांगण्यामागे माझ्या मुळांची काळजी नव्हती. उकरलं असतं तर त्याच आठवड्यात सगळं उघड झालं असतं.

पुढे झाडांची खरी जाण असलेल्या एका वयस्क माळीकाकांनी वाफा पाहिला आणि हाताने माती बाजूला केली. निळ्या होस्टाचा आणि हेलेबोरचा गड्डा त्यांनी नुसता दाबला आणि बोटं आत गेली. जिवंत गड्डा घट्ट असतो, बटाट्यासारखा. नखाने किंवा धारदार चाकूने कडेची पातळ चकती काढली तर आत पांढरट, ओलसर दिसतं. मेलेला आतून तपकिरी, पोकळ किंवा लिबलिबीत असतो आणि आंबूस वास येतो. होस्टाच्या गड्ड्यावर फुगीर डोळे दिसायला हवेत आणि मुळं जाड, मांसल. हेलेबोरची मुळं एकदा सुकली की ते झाड मुश्किलीनेच सावरतं, त्यामुळे भुशात गुंडाळून लांबवर पाठवणं हेच संशयास्पद, असं काका म्हणाले. एवढी तपासणी झोपलेल्या झाडाला काहीही इजा करत नाही. ती पार्सल उघडल्या दिवशीच करता येते.

अ‍ॅस्पिडिस्ट्रा म्हणून आलेलं जे काही होतं, त्याला एकही पान आलं नाही, त्यामुळे ते नेमकं काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही. लिरिओपे उगवला, आणि नुसता उगवला नाही, धावत सुटला. लिरिओपे मस्कारी ठोंब करून राहतो, हळूहळू रुंदावतो आणि पट्ट्याच्या कडेला फार शोभतो. लिरिओपे स्पिकाटा जमिनीखालून धुमारे सोडत दूरवर पसरतो. पानं जवळजवळ सारखीच, त्यामुळे एकाच्या नावाने दुसरा खपवता येतो. स्पिकाटा झपाट्याने वाढतो, म्हणजे विकणाऱ्याला स्वस्तात मुबलक मिळतो. ओळखायचं तर ठोंब उपटून खाली पाहायचं: आडवी पांढरट दोरीसारखी मुळकांडी बाहेर निघाली असेल तर तो मस्कारी नाही. आता पट्ट्यातून तो काढताना तुटलेला प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. ‘लवकर भरून निघणारं’ असं वर्णन असलेल्या कुठल्याही सावलीतल्या झाडाचं शास्त्रीय नाव विचारल्याशिवाय ते जमिनीत लावू नये. एगोपोडियम, हाउटुइनिया, इंग्लिश आयव्ही ही सगळी याच गोड वर्णनाखाली विकली जातात आणि नंतर काढता काढता जीव मेटाकुटीला येतो.

ठिपकेदार होस्टाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली, कारण तो जिवंत होता. पानांच्या शिरांच्या कडेने शाई पसरावी तसे गडद-फिकट डाग, पान थोडं चुरगळलेलं. हे वाणाचं वैशिष्ट्य नाही, रोग आहे: होस्टा व्हायरस एक्स. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तो ओळखला. त्याआधी आणि नंतरही अशी काही रोगट झाडं नव्या आकर्षक वाणांच्या नावाने बाजारात फिरली. त्या काळच्या अनेकांना माहीत नव्हतं, हे समजू शकतं. आज इतकी माहिती उपलब्ध असताना त्याच डागांना ‘दुर्मिळ’ म्हणून जास्त पैसे घेणं ही मला सरळ लुबाडणूक वाटते. या विषाणूवर इलाज नाही. तो रसातून पसरतो, म्हणजे रोगट झाडाची पानं कापलेली कात्री निरोगी होस्टाला लागली की तोही गेला, आणि लक्षणं दिसायला कधीकधी वर्षं जातात. ज्यांच्या बागेत जुने, जिव्हाळ्याने वाढवलेले होस्टा आहेत, त्यांनी असं झाड फुकट मिळालं तरी कुंपणाच्या आत आणू नये. आमचं मुळासकट काढून कचऱ्यात टाकलं, कंपोस्टमध्ये नाही.

राहिली भेटीची पाकिटं. ‘निळ्या होस्टाचं बी’ आणि ‘फर्नचं बी’. फर्नला, म्हणजे नेच्याला, बी नसतंच. पानांच्या मागच्या बाजूला बीजाणू तयार होतात, ते धुळीइतके बारीक असतात. ज्या पाकिटात दाणे मोजता येतात, ते नेच्याचं असू शकत नाही. (अ‍ॅस्परॅगस फर्नला बी असतं, पण तो मुळात नेचाच नाही.) होस्टाचं बी खरं असतं, ते काळं, चपटं आणि कागदासारख्या पातळ पंखाचं. आमच्या पाकिटात गोल तपकिरी दाणे होते. आणि खरं बी असतं तरी चित्रातलं निळं झाड उगवलं नसतं. होस्टाची बहुतेक नावाजलेली वाणं ठोंब फोडून किंवा ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून) वाढवतात, कारण बियांपासून आलेली रोपं आईसारखी निघत नाहीत, बरीचशी साधी हिरवी निघतात. होस्टाचा निळेपणा हा पानावरच्या मेणाचा पातळ थर असतो. अंगठ्याने चोळला की खालचा हिरवा रंग दिसतो, आणि उन्हाळा पुढे सरकतो तसा तो थर आपोआप विरतो. जाहिरातीतला गडद, चकाकणारा शाई-निळा होस्टा पृथ्वीवर कुठेच उगवत नाही. तो फोटोत रंगवलेला असतो.

बी परदेशातून येत असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. झाडं आणि बियाणं सीमेपलीकडून पाठवायला बहुतेक देशांत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला. ‘दागिने’ किंवा ‘खेळणी’ अशी चिठ्ठी लावून आलेलं बियांचं पाकीट पेरू नका. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हजारो लोकांना न मागवलेली अशी पाकिटं टपालाने आली होती, आणि तिथल्या कृषी खात्याने ती पेरू नका, आमच्याकडे द्या, असं सांगितलं होतं.

ज्यांच्याकडे हिवाळा सौम्य असतो, त्यांना हा संच त्याच जोमाने विकला जातो, हे मला नंतर कळलं. होस्टाला हिवाळ्यात काही आठवड्यांची चांगली थंडी लागते. ती मिळाली नाही तर अस्सल, निरोगी झाडही दरवर्षी खंगत जातं. उबदार हवेत सावलीसाठी अ‍ॅस्पिडिस्ट्रा, ओफिओपोगॉन, नेफ्रोलेपिस जातीचे नेचे, पीस लिली ही खरी टिकणारी झाडं आहेत. पीस लिली घेताना मात्र फुलांच्या संख्येवर जाऊ नका. व्यावसायिक रोपवाटिकांत जिबरेलिक आम्ल (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) फवारून तिला एकदम फुलवलं जातं. घरी आणल्यावर तो बहर ओसरतो आणि पुढचा येतो तो तिच्या नैसर्गिक गतीने. याला फसवणूक म्हणणार नाही, पण ‘आमच्याकडे गर्द सावलीत अशी फुलते’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. पानं पाहून घ्या, कुंडीतून अलगद काढून मुळं पाहून घ्या.

तक्रारीचं काय झालं? ज्या संकेतस्थळावरून घेतलं होतं, तिथली मुदत माल मिळाल्या तारखेपासून मोजतात, कोंब यायच्या तारखेपासून नाही. गड्ड्यांचे पैसे त्यामुळे गेले. विक्रेत्याने ‘थांबा’ म्हणून पाठवलेले सगळे संदेश मी जोडले होते, पण त्यात परताव्याचं लेखी आश्वासन कुठेही नव्हतं. त्याने ते काळजीपूर्वक टाळलेलं होतं. रोगट होस्टाबद्दल वेगळी तक्रार केली, पानांच्या फोटोंसकट, आणि त्याचे पैसे मिळाले. तेव्हा तुमच्याकडे आत्ता असं पार्सल ‘झोपलेलं’ असेल तर आजच उकरा, गड्डा दाबून पाहा, कापलेल्या चकतीचा लेबलसकट फोटो काढा आणि मुदतीच्या आत तक्रार नोंदवा. नंतर कोंब आलाच तर तक्रार मागे घेता येते. ‘झाड या तारखेपर्यंत उगवलं नाही तर पैसे परत’ असं लेखी मागा, तेही ऑर्डर देण्याआधी. प्रामाणिक विक्रेते हे देतात, काही जण मेलेलं झाड पुढच्या हंगामात बदलूनही देतात.

त्या विक्रेत्याचं पान काही दिवसांनी बंद झालं. आता दुसऱ्या नावाने तेच फोटो आणि शब्द न् शब्द तेच वर्णन पुन्हा दिसतं आहे. मी दोनही पानांचे स्क्रीनशॉट संकेतस्थळाला पाठवले आहेत, अजून कारवाई झालेली नाही. नाव तो परत बदलेल. पण भेटीच्या यादीत ‘फर्नचं बी’ अजून तसंच आहे, तेवढ्यावरून तो ओळखता येईल.