गोफाच्या डान्सला केसात रिबिनी: कुठली टिकली, कुठली निसटली

मुलगी सातवीत आहे, डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग झालं आणि त्यांच्या वर्गाचा गोफ होता. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, वर मधोमध एका कड्याला रंगीत पट्ट्या बांधतात, प्रत्येकीच्या हातात एकेक टोक, आणि नाचता नाचता एकीच्या आतून दुसरीच्या बाहेरून असं जात वरती वेणीसारखा गोफ विणला जातो, मग तीच पावलं उलटी टाकून तो सोडवायचा. गोव्याकडे शिगम्यात खेळतात. आमच्या बाईंनी सांगितलं ८ मुली, ४ रंग, आणि जिच्या हातात जो रंग तीच रिबीन तिच्या केसात. मला हे फारच आवडलं, कारण लांब बसलेल्याला पण कळतं लाल कुठे चाललीय पिवळी कुठे, आणि एखादी चुकली तर बाईंना विंगेतनं लगेच दिसतं.

आठही जणींचे केस माझ्याकडे आले. म्हणून रत्नागिरीत राम आळीत जाऊन तीन प्रकारच्या रिबिनी आणल्या, तिन्ही प्रॅक्टिसला वापरून बघितल्या, त्याचा हा रिव्ह्यू.

पहिली साटीनची, अर्धा इंची. दिसायला हिला तोड नाही, स्टेजच्या लाइटमध्ये अशी काही चमकते की बस. पण एकच बाजू चकचकीत असते, दुसरी फिकी, वेणीत पीळ पडला की फिकी बाजू वर येते आणि मग ठिपके ठिपके दिसतात. दोन्ही बाजूंनी चमकणारी पण मिळते, थोडी महाग आहे पण वेणीत गुंफायची तर तीच घ्या. साटीनचा खरा त्रास म्हणजे निसटते. आमच्या सासूबाईंनी प्रेमाने नातीच्या डोक्यावर सकाळीच खोबरेल थापलं होतं, त्या केसांवर साटीनची गाठ दुसऱ्या फेरीतच सुटली.

दुसरी ऑर्गंझाची, ती पातळ पारदर्शक. फूल केलं की छान उभं राहतं, फोटोत मस्त येतं, पण गोफाला अजिबात घेऊ नका. मी हौसेने डोक्यावर मधोमध मोठं फूल बांधलं आणि मुली एकमेकींच्या पट्टीखालून वाकून जायला लागल्या तशी एकीची पट्टी बरोब्बर त्या फुलात अडकली, अख्खा गोफ थांबला, पोरगी रडकुंडीला आली. मला इतकं वाईट वाटलं, कारण तिची काहीच चूक नव्हती, फूलच चुकीच्या जागी होतं. गोफाला डोक्यावर काहीही उंच नको, हे मी आता प्रत्येक आईला सांगते.

तिसरी आडव्या बारीक रेघांची, हाताला जराशी खरखरीत लागते. चमक नाही त्यामुळे मी आधी नकोच म्हणत होते, दुकानातले काका म्हणाले, "वहिनी, नाचायचंय ना पोरींना, मग ही न्या, ही केस सोडत नाही." अगदी खरं निघालं. शेवटी आम्ही वेणीत रेघांची गुंफली आणि खाली त्याच रंगाचं साटीनचं फूल लावलं, दोन्हीचा फायदा झाला.

बांधायची पद्धत नीट लिहिते, कारण खरी गंमत इथेच आहे. रिबीन वेणीवर वरून बांधली तर ती सुटणारच, ती पेडातच गेली पाहिजे. मधला भांग, दोन बाजूंना दोन घट्ट पोनी. २ मीटर रिबीन मधोमध दुमडायची, दुमड पोनीच्या रबरातनं ओवून दोन्ही टोकं त्या फासातनं काढून ओढायची, म्हणजे मुळाशीच पकड बसते. मग दोन पदर दोन पेडांबरोबर घेऊन साधी तीन पेडी वेणी. शेंड्याला एक पदर दोनदा गुंडाळून गाठ, वेणी वर दुमडून कानामागे बांधली की लोंबत नाही, पट्टीत अडकत नाही. कमरेपर्यंत केस असतील तर थोडी जास्त लागेल. एका मुलीला ४ मीटर, ८ जणींना ३२, म्हणजे प्रत्येक रंगाची ८ मीटर. दुकानात मीटरवर मिळते, पण एका रंगाची सगळी एकाच रिळातनं कापून घ्या. माझी पिवळी दोन रिळांतली निघाली, ट्यूबलाइटखाली सारखी दिसत होती आणि बाहेर उन्हात एक लिंबू एक हळद.

केस आदल्या दिवशी धुवायचे, तेल नाही. सासूबाईंना मी सांगितलं, "आई, गॅदरिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्हीच चंपी करा," त्या लगेच मानल्या.

रंग जातो का ते आधी बघा, हे विसरू नका. दुसऱ्या एका दुकानातनं घेतलेल्या लाल रिबिनीचा रंग प्रॅक्टिसला घामाने मुलीच्या पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर उतरला, तीनदा धुवून पण गेला नाही. आपल्याकडे डिसेंबरात पण दुपारी घाम येतोच. रिबीन ओली करून पांढऱ्या रुमालात दाबून धरायची, डाग पडला तर परत.

टोकं तिरकी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नुसती धरायची, आत घालायची नाही, पॉलिएस्टर असेल तर कड वितळून बंद होते आणि धागे निघत नाहीत. सुती रिबीन असेल तर वितळत नाही, पेटते. मी एका टोकाला जरा जास्तच धरली तर कडक मणी झाला, मुलगी म्हणाली आई मानेला टोचतंय, तेवढं टोक कापून परत केलं.

दुकान दुपारी बंद असतं, ४ नंतर जा, आणि गाडी आळीत आत नेऊ नका. काका रिबीन मोजताना हात सैल सोडतात, प्रत्येक मीटरला दोन बोटं जास्तच येते. रेघांच्या रिबिनीला माझे ५ पैकी ५, साटीनला ४, ऑर्गंझाला गोफासाठी १.

गॅदरिंगच्या रात्री मैदानावर दव पडलं होतं तरी एकीची पण वेणी सुटली नाही, गोफ विणून पूर्ण सोडवला, शेवटची गाठ सुटली तेव्हा आठही जणी आपापल्या रंगाच्या जागी बरोब्बर उभ्या होत्या. रिबिनी धुवून, वर सुती कापड टाकून हलक्या इस्त्रीने सरळ केल्यात, सहावीच्या मुलींना पुढच्या वर्षी लागतील म्हणून बाईंकडे देतेय, फक्त पिवळी नवीन आणायचीय, ती मात्र उन्हात बघून.