दुबईच्या फ्लॅटचं भाडं अन् नागपूरचे सीए : पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, आम्ही वरूडकडचे संत्रावाले लोक, दुबईचा फ्लॅट ऐकून शेठबिठ समजू नका. आमचे भासरे (नवऱ्याचे मोठे भाऊ) चौदा वर्षं तिकडं एसीच्या कामात होते, पगारातून पैसे साठवून एक बेडरूमचा फ्लॅट घेतला अन् २०१९ ला मृग लागायच्या सुमारास कायमचे घरी आले. फ्लॅट तिथल्या एका ऑपरेटरकडं दिला, तो टुरिस्ट लोकांना चार-आठ दिवसांसाठी देते अन् दर तीन महिन्यांनी हिशोब पाठवते. घरातला कागदपत्राचा कारभार माझ्याकडं, कारण बीकॉम मी एकटीच.

तालुक्याला एक रिटर्न भरून देणारे आहेत, कृषी केंद्राच्या वर ऑफिस. त्यांना मी दोनदा विचारलं, दुबईचं भाडं दाखवायचं का? "वहिनी, दुबईत टॅक्सच नाही, तं इथं कायचा भरता? टेन्शन काहून घेता?" अन् ट्रॅक्टरच्या लोनसाठी पाहिजे होतं म्हणून दर वर्षी आयटीआर-१, म्हणजे रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म, भरून दिला, पाचशे रुपये घेतले, चहा पण पाजला. (स्टार द्यायचाच असला तं चहाला देईन.)

मग २०२४ च्या नोव्हेंबरात इन्कम टॅक्सवाल्यांनी परदेशी खातेवाल्यांना मेसेज पाठवायची मोहीम काढली, त्यात भासऱ्यांच्या मोबाईलवर पण आला. दुबईच्या बँकेतल्या खात्याची माहिती तिथून इकडं आपोआप येते हे तेव्हा कळलं. पानठेल्यावर तं लोकांनी फ्लॅट विकूनच टाकला, भारतात परत आलं की बाहेरची प्रॉपर्टी ठेवता येत नाही म्हणे.

पाहुण्यातल्या एकानं नागपूरच्या या सीएंचं सांगितलं. नाव टाकत नाही, कारण सीए लोकांना जाहिरातीवर बंधनं असतात असं ते स्वतःच म्हणाले अन् पुढं त्यांची तक्रार पण करणार आहे. एसटीनं सकाळी निघालो, फाईल मांडीवर, भासरे रस्ताभर चूप. सीएंनी फाईल उघडलीच नाही. पहिला प्रश्न, "परत कोणत्या महिन्यात आलात?" सगळा खेळ तिथंच होता. बाहेर राहून परत आल्यावर पहिली दोनेक वर्षं माणूस कायद्यात अर्धवट रहिवासी असते, तेव्हा तिकडचं भाडं इथं धरत नाहीत. ती मुदत संपली की जगात कुठंही कमावलेलं इथं दाखवावं लागते, तिकडं टॅक्स असो का नसो. फ्लॅट मात्र ठेवता येते, कारण तिकडं राहत असताना घेतलेली प्रॉपर्टी फेमा, म्हणजे परदेशी चलनाच्या कायद्यात चालते. हे ऐकल्यावर भासऱ्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं.

मग जुनं रिटर्न पाहून सीए हसले. परदेशात घर असलं तं आयटीआर-१ चालतच नाही, अन् शेतीचं उत्पन्न पाच हजाराच्या वर असलं तरी चालत नाही. म्हणजे संत्रावाल्याला तो फॉर्म दुबई नसती तरी चुकीचाच होता! फ्लॅट अन् बँक खातं रिटर्नमधल्या फॉरेन असेटच्या शेड्यूलमधे, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या यादीत, लिहावं लागते, नाही लिहिलं तं ब्लॅक मनी कायद्यात १० लाख दंड लागू शकते. २० लाखापर्यंत या दंडातून जी सूट आहे म्हणतात ती घर-जमिनीला नाही.

मला आवडलं ते हे की त्यांनी ऑपरेटरचा हिशोब ओळ न् ओळ वाचला. त्यात एक ओळ असे, टुरिझम दिरहम. भासऱ्यांना वाटे हा माणूस पैसे खाऊन राहिला. सीए म्हणाले, तो सरकारचा पैसा, पाहुण्याकडून दर रात्री बेडरूममागं घेऊन तिथल्या सरकारी टुरिझम विभागाकडं भरतात. त्या विभागाचं परमिट नसलं तं फ्लॅट असा चार दिवसांसाठी देताच येत नाही, २०१३ पासूनचा नियम आहे, म्हणून परमिटची कॉपी मागवून घ्या म्हणाले. चादरी-सफाई कोण करते हे पण विचारलं, कारण घरभाडं धरलं तं ३० टक्के सरळ वजा होते अन् धंदा धरला तं खरा खर्च दाखवावा लागते. आमचा करार पाहून घरभाडं धरलं. दिरहमचे रुपये गुगलच्या रेटनं नाही, स्टेट बँकेच्या टीटी बाइंग रेटनं (बँक ज्या भावात परदेशी पैसा घेते तो) केले.

चालू वर्षाचं रिटर्न सुधारून भरलं. आधीच्या दोन वर्षांचं अपडेटेड, म्हणजे मुदत गेल्यावर जास्तीचे पैसे देऊन भरायचं रिटर्न, भरलं, त्यात एकाला टॅक्स-व्याजावर २५ टक्के अन् त्याच्या आधीच्याला ५० टक्के जास्तीचे गेले. दुखलं, पण दहा लाखासमोर काही नाही.

एक स्टार का कापला? फोन उचलत नाहीत, "दोन दिवसांत होते" म्हणून तीन आठवडे लावले, अन् प्रत्येक अपडेटेड रिटर्नची फी वेगळी हे शेवटी सांगितलं. बिलावरून ऑफिसमधल्या पोरीशी माझी थोडी वाजली पण.

फॉरेन असेटचं शेड्यूल एप्रिल-मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर चालते. त्यामुळं आता वर्ष संपलं की भासरे सकाळीच दारात उभे, दुबईच्या बँकेचं स्टेटमेंट काढ म्हणतात. मी म्हणते, दादा, संत्र्याचा आंबिया बहार फुटू द्या आधी.