लोणारच्या विवरात विकल्या जाणाऱ्या ‘उल्के’विषयी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर पायी उतरून पाहायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी: तिथे कोणी ‘उल्केचा अस्सल तुकडा’ म्हणून दगड पुढे केला, तर तो विकत घेऊ नये. आमच्या गटातील तिघांनी असे तुकडे प्रत्येकी चार हजार रुपये देऊन घेतले आणि तिन्ही खोटे निघाले. पैसे गेल्याचे वाईट वाटतेच. पण बेसाल्ट (लाव्हा थंड होऊन बनलेला काळा खडक) या खडकातील आघातविवराचा, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खळग्याचा, जगातला इतका उत्तम नमुना आपल्याकडे असताना त्याच्याच नावावर लोकांना लुबाडले जावे, याचा संताप त्याहून मोठा आहे.

विवराच्या काठावर एक माणूस गाइड म्हणून आमच्याबरोबर आला. त्याने सांगितलेली मजुरी वाजवी होती आणि त्याची बरीचशी माहिती खरी होती, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढची सगळी फसवणूक त्याच विश्वासावर उभी होती. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे, हे त्याने बरोबर सांगितले. एरवी आडवे पसरलेले बेसाल्टचे थर इथे काठाशी उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, हे तर त्याने एका उघड्या कड्यापाशी थांबून हाताने दाखवले. अशा माणसाविषयी मनात शंका येत नाही.

काठावरच्या ‘धार’ या झऱ्याकडून उतरून झाडीतून कमळजा देवीच्या मंदिराकडे जाताना गट थोडा विखुरला, तेव्हा त्याने एका खडकावर होकायंत्र ठेवले. काटा स्पष्टपणे हलला. ‘खाली उल्का गाडलेली आहे,’ असे तो म्हणाला. मग कापडात गुंडाळलेला एक काळा, हाताला जड लागणारा दगड त्याने काढला आणि त्याला लहानसे लोहचुंबक चिकटवून दाखवले. विकण्याची गोष्ट त्याने स्वतः काढली नाही. उलट आमच्यापैकी एकाने विचारल्यावर ‘हा देण्यासारखा नाही’ असे म्हणून तो गुंडाळूही लागला. त्या नकारानेच सौदा पक्का झाला. प्रत्येक तुकड्याबरोबर प्लॅस्टिकचे आवरण चढवलेले एक ‘प्रमाणपत्र’ मिळाले, ज्यावर शिक्का होता. मात्र कोणत्याही संस्थेचा पत्ता नव्हता.

चुंबकाची ही परीक्षा लोणारमध्ये काहीच सिद्ध करत नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतेच, त्यामुळे तिथल्या साध्या खडकाजवळही होकायंत्राचा काटा ढळू शकतो आणि बेसाल्टचा एखादा तुकडा चुंबकाला ओढ देऊ शकतो. त्यासाठी जमिनीखाली उल्का असण्याची गरज नाही.

मुळात ती तिथे अखंड उरणेच अवघड होते. एवढे विवर खोदणारी वस्तू प्रचंड वेगाने आदळते, आणि त्या आघाताच्या उष्णतेत तिचा बहुतांश भाग वितळून व वाफ होऊन जातो. लोणारचे विवर उल्कापातानेच झाले, हे संशोधकांनी उल्केचा गोळा हाती धरून ठरवलेले नाही; आघाताने खडकात काय बदल झाले, ते पाहून ठरवले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मास्केलिनाइट मिळाल्याची नोंद आहे. फेल्डस्पार या खनिजाला अतितीव्र धक्का बसला की त्याचा स्फटिक मोडून त्याची काच होते, ती ही. असा धक्का ज्वालामुखीतून बसत नाही. म्हणजे विवराचा खरा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कणांत आहे, मुठीत मावणाऱ्या काळ्या दगडात नाही.

घरी आल्यावर भूशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांनी तिन्ही तुकडे दगड कापण्याच्या यंत्रावर कापून दिले. दोन तुकड्यांच्या आत सर्वत्र बुडबुड्यांची गोल छिद्रे होती, पृष्ठभागावर वितळून ओघळल्याच्या रेषा होत्या आणि मधेच लोखंडाचे गंजलेले थेंब होते. उल्केच्या दगडात अशी छिद्रे सहसा सापडत नाहीत. ही लोखंड वितळवताना भट्टीत जमणारी मळी होती. तिसरा तुकडा बेसाल्टचाच होता. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक होते आणि बाहेरून त्याला काळा रंग चोळलेला होता. कापलेल्या कडेला त्या रंगाचा थर नखाने खरवडता येत होता.

प्रमाणपत्रावर ‘उल्केचे वय ५०,००० वर्षे’ असे छापले होते. हा आकडा विवराच्या वयाच्या जुन्या अंदाजातून उचललेला दिसतो. नंतर आर्गॉन पद्धतीने (खडकातील आर्गॉन वायूच्या मोजणीवरून) झालेल्या मापनात विवराचे वय सुमारे ५,७०,००० वर्षे आले. कोणताही आकडा धरला तरी तो आघाताचा काळ झाला. बहुतेक उल्कापाषाण स्वतः सूर्यमालेच्या जन्माच्या वेळचे, म्हणजे सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे असतात. असा कागद कोणी दाखवला, तर आधी हा आकडा वाचावा.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. लोणार २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्यातून परवानगीशिवाय दगड नेण्यास वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे, मग तो उल्केचा असो वा साधा बेसाल्ट. भारतात मिळणाऱ्या उल्कापाषाणांचे जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते, आणि एखाद्या दगडाची खरोखर तपासणी करून घ्यायची असेल तर विचारणाही तिथेच करावी. तिथल्या प्रत्येक गाइडकडे संशयाने पाहावे, असे मी मुळीच म्हणत नाही. उत्तम माहिती देणारे आणि दगडाला हात लावू न देणारे लोकही तिथे आहेत.

आम्ही लेखी तक्रार दिली, बेसाल्टचा तुकडा तिच्यासोबत जमा केला आणि प्रमाणपत्राची छायाप्रत जोडली. त्या माणसाने पैसे रोखच मागितले होते, त्यामुळे व्यवहाराचा दुसरा पुरावा आमच्याकडे नाही. ज्यांनी असा दगड मोबाइलवरून पैसे देऊन घेतला असेल, त्यांनी ती नोंद पुसू न देता, दगड न फोडता, कागदासह तक्रारीत जोडावी.