इस्टिओ: चालू सिस्टीमची सुरक्षा हळूहळू घट्ट करताना

आमच्या कुबर्नेटीज क्लस्टरमध्ये (सर्व्हिसेस अनेक मशीनवर मिळून चालवणारी यंत्रणा) इस्टिओ, म्हणजे सर्व्हिसेसमधलं नेटवर्कवरचं बोलणं सांभाळणारी सर्व्हिस मेश, बसवून बरेच महिने झाले. गरज साधी होती. जुन्या जावा सर्व्हिसेसच्या कोडला हात न लावता त्यांच्यातलं बोलणं एनक्रिप्ट व्हावं आणि समोरून कोण बोलतंय याची खात्रीलायक ओळख मिळावी.

हे जमलं, आणि त्याचं मोठं श्रेय पर्मिसिव्ह मोडचं. सुरुवातीला तोच लागू असतो. पॉडमधला (सर्व्हिस ज्यात चालते ते कुबर्नेटीजचं एकक) एन्व्हॉय प्रॉक्सी, म्हणजे सर्व्हिसची ट्रॅफिक हाताळणारा मध्यस्थ, एमटीएलएसही (दोन्ही बाजूंची ओळख पटवणारं एनक्रिप्टेड कनेक्शन) घेतो आणि साधं कनेक्शनही, त्यामुळे निम्म्या सर्व्हिसेस मेशबाहेर असल्या तरी काही बंद पडत नाही. अजून कोण उघडं बोलतंय ते मेट्रिक्समध्ये दिसतं. तिथे साधी ट्रॅफिक दिसेनाशी झाली, की आम्ही ते नेमस्पेस (क्लस्टरमधला सर्व्हिसेसचा गट) स्ट्रिक्ट करायचो, म्हणजे तिथे फक्त एमटीएलएस चालू द्यायचो. एखाद्या पोर्टापुरती सूटही देता येते. मेशबाहेरच्या मॉनिटरिंगसाठी ती आम्ही अजून ठेवली आहे. चालू सिस्टीम असलेल्यांना या लवचिकतेचं मोल कळेल.

एमटीएलएसमध्ये ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची काळजी तर मिटलीच. मुदत मुळात 24 तासांची, ती संपण्याआधी नवं येतं आणि पॉड रीस्टार्ट करावा लागत नाही.

ऑथोरायझेशन पॉलिसी (कोणाला कोणती रिक्वेस्ट करू द्यायची याचे नियम) मात्र सावकाश शिकावी. एखाद्या सर्व्हिसवर एक जरी अलाऊ नियम लावला, तरी त्यात न बसणारी प्रत्येक रिक्वेस्ट नाकारली जाते. शिवाय नियम कॉल करणाऱ्याच्या सर्व्हिस अकाउंटवर (कुबर्नेटीजने सर्व्हिसला दिलेली ओळख) बेतला असेल, तर एमटीएलएस लागतंच. साध्या कनेक्शनला ओळखच नसते. म्हणून आधी स्ट्रिक्ट आणि मग नियम, हा क्रम मला योग्य वाटतो. नवा नियम आधी ड्राय-रनवर ठेवता येतो: निकाल नोंदला जातो, अंमल होत नाही. ही सोय प्रत्येकाने वापरावीच.

खटकणारी गोष्ट म्हणजे साइडकार. प्रत्येक पॉडमागे एक प्रॉक्सी, म्हणजे मेमरी जातेच. रात्रीच्या जॉब्जचं काम संपलं तरी प्रॉक्सी चालूच राहायचा, त्यामुळे पॉड संपतच नसे. कुबर्नेटीजच्या नव्या आवृत्त्यांमधल्या नेटिव्ह साइडकारमुळे (मुख्य काम संपलं की साइडकारही बंद होतो) ते सुटलं.

नोव्हेंबर 2024 मध्ये, इस्टिओच्या 1.24 आवृत्तीत, साइडकारविना चालणारा अँबियंट मोड स्थिर झाला. त्यात एनक्रिप्शन आणि ओळख प्रत्येक नोडवरचा (क्लस्टरमधल्या मशीनवरचा) झेडटनेल हा प्रॉक्सी सांभाळतो. पण एचटीटीपी पाथवर आधारलेल्या नियमांसाठी वेगळा वेपॉइंट प्रॉक्सी लागतो, आणि आमचे बरेच नियम तसेच आहेत. त्यामुळे तूर्त फक्त एनक्रिप्शन पुरेसं असलेली नेमस्पेस तिकडे नेणार आहोत.