डेंटल कॉलेजात दाढेचं रूट कॅनल : काही महिन्यांनंतरचा अनुभव

खालच्या दाढेचं रूट कॅनल आणि त्यावरची कॅप मी नाशिकच्या एका डेंटल कॉलेजात करून घेतली. काम संपून काही महिने झालेत, त्या बाजूने भाकरी नीट चावता येते. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी, वेळ मात्र भरपूर लागतो. दिंडोरी, पेठ, सिन्नरहून सकाळची एसटी धरून आलेली माणसं ओपीडीत बसलेली असतात. त्यांच्या घरातल्या कुणीतरी वाचावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कामाबद्दल. माझी दाढ एका इंटर्न मुलीकडे आली, म्हणजे बीडीएसची चार वर्षं झालेली आणि शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं चालू असलेली. "काकू, दुखलं की डावा हात वर करा," एवढं सांगून ती सावकाश काम करायची. दाढेभोवती रबरी पडदा लावला, त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि बारीक फाइल, म्हणजे दाढेच्या मुळातली नळी साफ करायची सुईसारखी अवजारं, चुकून घशात पडत नाहीत. फाइल आत ठेवून एक्स-रे काढला, नळीची लांबी मोजली, मग सरांना बोलावलं. सरांनी स्वतः पाहून केस पेपरवर सही केल्याशिवाय तिने पुढचं काम हाती घेतलं नाही. शिकणाऱ्या हातांनी काम होतं म्हणून दर्जा कमी चालेल, असं कुठेही नाही. ती सही हीच पेशंटची खरी हमी. सरांनी न बघताच विद्यार्थी पुढे जायला लागला तर थांबवा, अगदी बिनधास्त.

अवजारांचं सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगा. त्यावरच्या पट्टीचा रंग बदललेला असला, की पाकीट ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने अवजारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, गेलंय एवढं कळतं. फाटलेलं किंवा ओलं पाकीट मात्र नकोच म्हणा.

आता खटकलेलं. संमतीचा फॉर्म इंग्रजीत पुढे आला, "इथे सही करा" म्हणून. मी मराठीतून समजावून मागितलं, तेव्हा नीट सांगितलं. हा हट्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात म्हटलंय की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि पेशंटला समजेल अशी पुरेशी माहिती आधी दिली पाहिजे. तोंडाचे फोटो काढायचे, चार विद्यार्थ्यांना भोवती उभं करून दाखवायचं, तर तेही विचारूनच. बहुतेक वेळा विचारलं, एकदा नाही. नको म्हटल्यावर कुणी उपचार अडवला नाही, हे आवर्जून सांगते.

सगळ्यात मोठी अडचण पोस्टिंगची. त्या मुलीचं पोस्टिंग दुसऱ्या विभागात लागलं आणि माझी दाढ टेम्पररी सिमेंटवर तशीच राहिली. फोन कुणाचाच नाही. सिमेंट झिजलं की लाळ आणि जंतू परत आत शिरतात, केलेलं काम वाया जाऊ शकतं. शेवटी मीच विभागप्रमुखांना भेटले, त्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे केस दिली. पण गावाहून येणारी एखादी आजी प्रमुखांच्या खोलीपर्यंत पोहोचेल का? केस अर्धवट असताना विद्यार्थी बदलला, तर पुढचं नाव ठरवून पेशंटला कळवणं हे विभागाचंच काम आहे. याबाबतीत माझं मत कडक आहे.

एक्स-रेच्या प्रती मागितल्या तर आधी "ते इथेच राहतात" असं उत्तर मिळालं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत पेशंटचे १७ हक्क दिले आहेत. आपली कागदपत्रं मिळणं, दर आधी कळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे त्यातलेच. लेखी अर्ज दिल्यावर प्रती मिळाल्या.

तिथे जाणार असाल तर केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विद्यार्थ्याबरोबर देखरेख करणाऱ्या सरांचं किंवा मॅडमचं नावही लिहून घ्या. कॅपचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात, तो आकडा पहिल्याच दिवशी विचारा.